नवसाचं पिस्तूल

नेत्राने पाचवा छर्रा सोडला, कागद काढून आणला आणि मितेशच्या नाकासमोर धरला. कागदाला कांजिण्या आल्या होत्या.

"पिस्तूल एक, डबा एक, हात कुणाचाच नाही. आणि भोकं पाच गावांना पाच."

"घोडा हललेला न्हाय," मितेश म्हणाला.

घोडा म्हणजे त्याने बनवलेला स्टँड. मितेश नेत्राचा चुलतभाऊ, लूमचे पार्ट बनवणाऱ्या लेथवर कामाला. भंगारात निघालेल्या एका लूमची बिडाची चौकट आणून तिच्यावर त्याने शिकंजा बसवला होता. शिकंज्यात पिस्तूल आवळायचं, दहा मीटरवर कागद लावायचा, मागे लोखंडी पेटी ठेवायची आणि एकेक छर्रा सोडायचा. ज्या डब्यातले छर्रे एकाच भोकातून जातील तो डबा आपला. पिस्तुलाची नळी म्हणजे लग्नात वरपक्षाकडून आलेला मामा असतो. कुठली भाजी चालेल ते वाढून बघितल्याशिवाय कळत नाही.

ठाण्याच्या दुकानदाराने चार लॉटचे चार डबे नमुन्याला दिले होते. आवडेल त्या लॉटचा खोका तो संध्याकाळपर्यंत राखून ठेवणार, नंतर पुण्याचा एक क्लब टपलेलाच होता. रविवारी राज्याच्या नेमबाजी संघाची निवड. नेत्राची निवड याआधी दोनदा हुकली होती. पहिल्यांदा छर्र्यांमुळे, दुसऱ्यांदाही छर्र्यांमुळे. मध्यंतरी रेंजवरच्या पंख्यावर संशय होता, पण पंखा निर्दोष सुटला.

जागेचा प्रश्न नव्हता. वडपे गावातलं त्यांचं गोदाम नुकतंच रिकामं झालं होतं. डायपरवाली कंपनी गेली होती, बिस्किटवाली यायची होती. तेवढ्या प्रचंड पत्र्याखाली दहा मीटर म्हणजे मैदानात पाट मांडून जेवायला बसल्यासारखं दिसत होतं. किल्ली आक्काकडे असायची, त्यामुळे आक्काही आली होती. आक्का म्हणजे नेत्राची थोरली आत्या. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ती वालाच्या शेंगा सोलत होती.

नेत्राने दुसरा डबा उघडला. कांजिण्या. तिसरा. गोवर. चौथ्याने पाचही छर्रे जवळजवळ टाकले, तेव्हा तिला आशा वाटली. खात्रीसाठी तिने चौथाच डबा पुन्हा लावला, आणि छर्रे थेट खाली उतरले, जणू जेवणाची सुट्टी झाली.

"तोच डबा. तोच. आत्ता चांगला होता."

"घोडा हललेला न्हाय."

"मितेशदादा, तू हे परत बोललास तर मी तुला शिकंज्यात घालीन."

मितेशने न बोलता घोड्याला लाथ घातली. घोडा हलला नाही. मितेश लंगडत बाजूला झाला.

नेत्राने शिकंज्यातल्या पिस्तुलावर अंगठा दाबला. ते किंचित दबलं. लोखंडात आवळलेलं लोखंड दबतं कसं, म्हणून ती वाकली. जबड्याच्या आत लाल काहीतरी दिसलं. दोरा. दसऱ्याला शस्त्रं पुजली तेव्हा आक्काने विळा, कोयता आणि पिस्तूल एका रांगेत मांडून पिस्तुलाला वज्रेश्वरी देवीच्या नवसाचा दोरा बांधला होता. सात वेढे, वर तेल, वर हळद. नेत्राला दोरा माहीत होता. पण शिकंजा पिस्तुलाला जिथे धरतो नेमका तिथेच ही गादी घातलेली आहे, हे आज कळलं. प्रत्येक बाराला पिस्तूल त्या गादीवर जरा कूस बदलत होतं.

"आक्का, हा दोरा काढते."

"निवड झाली?"

"रविवारी आहे."

"मंग रविवारी काढ."

"अगं, त्याच्या आधी छर्रे ठरवायचेत. दोरा असला तर ठरत नाहीत. ठरले नाहीत तर निवड होणार नाही. निवड झाली नाही तर दोरा निघणार नाही."

आक्काने एक शेंग सोलली. "नवसाचं तसंच असतंय."

मितेशने खिशातून कटर काढून नेत्राच्या हातात ठेवला. "काप. आक्का शेंगांत हाय."

नेत्राने पातं दोऱ्याला लावलं. तिच्या बॅगेत सायन्सची मार्कशीट होती, तिचा कशावर विश्वास नव्हता, आणि पातं पुढे जाईना. रविवारी चुकून दहाऐवजी आठ लागला तर? छर्र्याला दोष देता येतो, पंख्याला देता येतो. वज्रेश्वरीला दोष कसा देणार? ती आपल्याच भागातली.

तिने कटर परत दिला. "हसू नकोस."

"मी कुठं हसलो? मीबी न्हाय कापला असता. म्हणून तर तुला दिला."

मग मितेशचं डोकं चाललं. गोदामाचे भाडेकरार वाचून वाचून त्या घरात प्रत्येकजण अर्धा वकील झाला होता. "आक्का, देवीला नेमकं काय बोललीस? शब्द सांग."

"बोलले, पोरीचा नेम मधोमध लागू दे, दोरा सोडीन."

"निवडीचं काय बोललीस?"

आक्का थांबली. "न्हाय बोलले."

"झालं तर. करारात निवड हा विषयच न्हाय. नेत्रा, एक मधोमध मार, दोरा मोकळा."

"पण मधोमध म्हंजे मधोमध," आक्का म्हणाली. "कागदाला लागला, झालं, असलं न्हाय चालायचं." ती उठली, पदराच्या गाठीतून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि मुगाएवढी एक टिकली कागदाच्या बरोब्बर मध्यावर चिकटवली. "हिच्यातून गेला पायजे. कडेनं फाटली तर धरणार न्हाय."

नेत्राने पिस्तूल शिकंज्यातून काढलं. हाताने मारताना दोरा आड येत नव्हता, आड येत होतं बाकी सगळं. पहिला डाव्या बाजूला खाली. दुसरा डाव्या बाजूला खाली. तिसरा चांगला होता, म्हणजे टिकलीच्या शेजारच्या घरात. आक्काने मान हलवली.

"या डब्यात दम नाही," म्हणून नेत्राने डबा बदलला. डाव्या बाजूला खाली. परत बदलला. छर्रे जुने सभासद असल्यासारखे आपापल्या जागी जाऊन बसत होते. दुकानदाराचा फोन येऊन गेला. मितेशने कागद बदलला, आक्काने नवी टिकली लावली, नेत्राने घाम पुसला आणि चारही डबे आलटून पालटून वापरले.

"एक इचारू?" मितेश म्हणाला. "ह्या चारी डब्यांचं डावीकडं सासर हाय का?"

नेत्राने पुढचा छर्रा घातला. ते तिच्या कधीच लक्षात आलं होतं. तिला फक्त ते दुसऱ्या कुणी मोठ्याने म्हणायला नको होतं. चाप दाबताना तिचं बोट ऐन वेळी घाई करतं, मनगट खाली जातं. रेंजवरच्या सरांनी हे वर्षभर सांगितलं होतं आणि तिने वर्षभर छर्रे बदलले होते.

दुकानदाराचा फोन परत वाजला, तो कुणी उचलला नाही. आक्का आपल्या फोनवर कुणाला तरी वाल किती भिजवायचे ते सांगायला लागली, मितेश पाय चोळत बसला. नेत्राने वैतागून, कुठल्या डब्यातला ते न बघता, एक छर्रा घातला. हात वर गेला. चाप कधी सुटला ते तिला कळलं नाही.

टिकली नव्हती. टिकलीच्या जागी भोक होतं.

"असं का लागला?" नेत्राने विचारलं. न चुकल्याचाच तिला जास्त राग आला होता.

आक्काने कागद तपासला, बोट घालून पाहिलं, हात जोडले आणि दोरा सोडायला बसली. कातर लावायची नव्हती. तेलात मुरलेल्या गाठी तिने दातांनी सोडवल्या. मग पिस्तूल पुन्हा शिकंज्यात गेलं.

पहिला डबा: पाच छर्रे, एक भोक. दुसरा: एक भोक. तिसरा: एक भोक. नेत्राने चौथा लावला. इतक्या मनापासून तिने वाईट निकालाची वाट कधी पाहिली नव्हती. एक भोक.

दुकानदार आता तिसऱ्यांदा फोनवर होता. "मॅडम, कुठला ठेवू? पुणेवाले डोकं खातायत."

नेत्राने चारही कागद एकावर एक धरून पत्र्याच्या फटीतल्या उजेडाकडे केले. आरपार दिसत होतं.

"चारही सारखे आहेत," ती म्हणाली.

"असं कोणी बोलत नाही मॅडम. काहीतरी फरक असेलच. नीट बघा."

"नीट बघितलं. फरक माझ्यात आहे. तो तुम्ही ठेवत नाही. पुणेवाल्यांना हवा तो देऊन टाका, उरेल तो मला."

तिने फोन ठेवला. मग मितेश म्हणाला, "तुला काय वाटतं, घोड्याला पाठवलं तर संघात घेतील?"

"नोंदणी लागते."

"आधारकार्ड काढू."

"घोडा बाजूला कर. मला उभं राहायचंय."

मितेशने जोर लावला. आक्काही शेंगांची परात ठेवून आली. बिडाची ती चौकट आणताना चार हमाल लागले होते, आणि चौघेही संध्याकाळच्या ड्युटीला गेले होते. घोडा हलला नाही.

मग नेत्रा त्याच्या शेजारीच उभी राहिली, वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलाशेजारी मुद्दाम बसवल्यासारखी. तिने कोरा कागद लावला, हात उचलला, आणि बोटाला मनातल्या मनात एक शिवी दिली.

छर्रा डाव्या बाजूला खाली गेला.

"परत," ती म्हणाली, आणि दुसरा घातला.