गाळलेला रकाना

मंजुळाबाईचा पुढचा दात हलायला लागला, तेव्हा तिनं चूक स्वतःकडेच घेतली.

"माझाच गाढवपणा, बाई," खुर्चीत बसता बसता ती म्हणाली. "सुतळी दातानं तोडली मी. तू एवढा मजबूत करून दिलेला, मी वाट लावली."

डॉक्टर शुभानं दात हलवून पाहिला. मग तिनं दाताचा एक्स-रे काढला. मुळाच्या कडेनं काळी रेघ दिसत होती. मूळ उभं चिरलं होतं. असा दात वाचत नाही. शुभानं इंजेक्शन दिलं आणि दात काढला. ट्रेमध्ये मुळाच्या दोन फाका पडल्या, आणि त्यांच्यामध्ये तिनंच बसवलेली धातूची खुंटी, अगदी धडधाकट.

मंजुळाबाई माहुलची कोळीण, घाटकोपरच्या बाजारात मासे विकायची. तीन वर्षांपूर्वी बर्फाच्या पेटीचं झाकण तोंडावर आपटून तिचा दात अर्धा तुटला होता. शुभानं रूट कॅनाल केलं, मुळात ओतीव धातूची खुंटी घातली, वर कॅप चढवली. "याच्याहून मजबूत काही नाही," असं तेव्हा ती छातीठोकपणे म्हणाली होती.

कारण १९८३ साली तिचा प्रबंधच त्यावर होता. रूट कॅनाल केलेले, उपटलेले पुढचे वीस दात. दहांमध्ये धातूची खुंटी, दहांमध्ये स्क्रू आणि वर दाताच्या रंगाचं सिमेंट. अंधेरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या यंत्राखाली ते दात एकेक करून तुटेपर्यंत दाबायचे. धातूवाल्यांनी जवळजवळ दीडपट भार घेतला. पण तुटले तेव्हा दहांतल्या सातांचं मूळच उभं फाटलं. सिमेंटवाले लवकर मोडले खरे. पण बहुतेकांचं वरचं सिमेंटच उडालं, मूळ शाबूत राहिलं. म्हणजे ते पुन्हा बांधता आले असते.

शुभानं वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखला होता: कसा तुटला.

"तुझा विषय ताकद आहे ना?" प्रबंधाचे मार्गदर्शक सर म्हणाले होते. "मग आकडे दे. हे घातलंस तर परीक्षक फाटे फोडत बसतील."

टाईप करायला देताना तिनं तो रकाना गाळला. डिग्री मिळाली. पुढे दोन परिषदांत तिनं तोच तक्ता दाखवला, आणि दाखवता दाखवता तिला स्वतःलाही तो पुरेसा वाटू लागला.

मंजुळाबाई तोंडात कापूस धरून, वर माफी मागून गेली. शुभानं तिला जाऊ दिलं. तेच तिला सर्वांत जास्त लागलं. त्या आठवड्यात पेशंटच्या तोंडात आरसा घालताना हात थांबायचा. जेवताना आई काय बोलतेय ते कळायचं नाही. शेवटी तिनं मुलुंडच्या घरी माळ्यावरून वही काढली. सात ठिकाणी तिचंच अक्षर होतं: मूळ उभं फुटलं.

पंधराव्या दिवशी ती बाजारात गेली. मंजुळाबाई तोंडावर पदर धरून गिऱ्हाईक करत होती.

"मंजुळाबाई, तो दात सुतळीनं नाही गेला. त्या खुंटीनं मूळ फुटू शकतं, हे मला ठाऊक होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. त्या दिवशीसुद्धा नाही."

मंजुळाबाईनं पदर खाली केला. "ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तिकडे माझा नवरा रोज मला बोलतोय. सुतळी, सुतळी, सुतळी! मग चल ना. त्याला येऊन सांग."

शुभा माहुलला गेली. मंजुळाबाईचा नवरा हरेश्वर दारात जाळं विणत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. बायकोकडे बघितलं, मान खाली घातली. मग शुभाला विचारलं, "अशा खुंट्या आणखी किती जणांना घातल्यास?"

ते तिला सांगता येईना. दवाखान्यात जाऊन तिनं कार्डं चाळली. अकरा निघाली. तिनं एकेकाला पोस्टकार्ड टाकलं. आठ जण आले. दोघांची मुळं चिरत आली होती. एक बाई सगळ्यांसमोर तिला वाटेल ते बोलली. बाकीच्यांना तिनं खरं काय ते समजावलं आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला यायला सांगितलं. कॉलेजलाही तिनं तो रकाना पत्रासोबत पाठवला आणि प्रबंधाला जोडण्याची विनंती केली. उत्तर आलं नाही. सरांनी फोनवर एवढंच म्हटलं, "कशाला उकरून काढतेस?"

मंजुळाबाईला तिनं फुकट नवा दात बसवून द्यायचं कबूल केलं होतं. ती आली नाही. दोन महिन्यांनी शुभा बोंबील घ्यायला थांबली, तेव्हा मंजुळाबाईच्या तोंडात नवा दात होता.

"चेंबूरला करून घेतला," वाटा पिशवीत टाकत ती म्हणाली. "तू खरं बोललीस, ते चांगलं केलंस. पण तोंड उघडून तुझ्यापुढं बसायला आता भीती वाटते गं."

शुभानं मान हलवली आणि पिशवी घेतली.