पाळकांच्या आईचं माप

शवपेट्या करणाऱ्या सुताराकडून चूक झाली, तर तक्रार घेऊन गिऱ्हाईक काही परत येत नाही. या एका सोयीवर सुताराची पिऊन काम करायची सवय बरीच वर्षं खपून गेली. मग पाळकांचे वडील वारले.

सुताराची रीत अशी, की मयताशेजारी सुतळी ताणायची, डोक्याशी आणि टाचेशी गाठ मारायची आणि फळी कापताना चार बोटं वाढवायची. त्या दिवशी तो इतका झिंगला होता, की वाढवायच्या ऐवजी त्याने चार बोटं कमी केली. पेटी सुबक झाली, पॉलिशही झकास चढलं, फक्त आत माणूस मावेना. जन्मभर ताठ कण्याने वावरलेले पाळकांचे वडील अख्ख्या मंडळीसमोर गुडघे दुमडून गेले.

त्या दिवसापासून सुताराने दारू सोडली. बायकोला वाटलं, चला, देवानेच बुद्धी दिली. पण दारूबरोबर याने चर्चही सोडलं आणि शवपेट्याही. आता तो स्टुलं करी. स्टूल आखूड झालं म्हणून कुणाचा अंत्यविधी खोळंबत नाही. दर रविवारी बायको एकटीच उपासनेला जाई आणि विचारणाऱ्यांना सांगे, यांना सर्दी झालीय. सर्दी वर्षभर हटली नाही. खरं तर सुताराला उपासना हवी होती, फार हवी होती. पण ज्या प्रभूकडे आपण माणूस मुडपून धाडला, त्याच्यासमोर आता कोणत्या तोंडाने बसायचं, हे त्याला कळत नव्हतं.

एका दुपारी पाळक स्वतः दुकानात आले. सुतार रंधा खाली ठेवून उभा राहिला.

"आईने बोलावलंय," पाळक म्हणाले. "पेटीचं माप द्यायचंय."

"कुणाच्या पेटीचं?"

"तिच्याच."

"कधी वारल्या?"

"वारली नाही. जेवून आडवी झालीय. चला लवकर, तिला वाट बघायला आवडत नाही."

म्हातारी जेवणाच्या टेबलावर उताणी पडली होती, हात छातीवर, चष्मा डोळ्यांवर. "जवळ ये," ती म्हणाली. सुतार वाकला. तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"सरसाचा वास येतोय," ती म्हणाली. "चालेल."

"आजी, दुसरा कुणीतरी बघा. माझा भरवसा धरू नका. मीच धरत नाही."

"दुसरा आहे की. चांगला आहे. पण माझ्या नवऱ्याचे पाय त्याने नाही दुमडले. तू दुमडलेस. तेव्हा माझी पेटी तूच करायची."

"तुम्हाला राग नाही आला?"

"न यायला काय झालं? वर्षभर रोज प्रार्थनेला बसले, की आधी तुझी चुगली. परवा लक्षात आलं, सगळा वेळ तूच खातोस, नवऱ्याचं नाव घ्यायचं राहूनच जातंय. तिथेच तुला माफ करून टाकलं. आता प्रार्थना कर आणि लाव सुतळी."

"प्रार्थना सुटलीय माझी."

"मग छोटी कर. टेबल टोचतंय मला."

सुताराने सुतळीचं टोक तिच्या डोक्याशी धरलं. डोळे मिटले. शेवटी तो म्हणाला, "प्रभू, मी आहे. सुतार." पुढचं काही सुचलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या पाळकांनी हळूच "आमेन" म्हटलं, आणि म्हातारीच्या टाचेशी गाठ मारता मारता सुताराला रडू कोसळलं. साठलेलं रडू होतं, थांबेचना. त्याला हलकं वाटत होतं, लाज वाटावी इतकं हलकं.

"सुतळी भिजवू नकोस," टेबलावरून आवाज आला. "आखडते."

त्याने नाक पुसलं, कोरडी सुतळी घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून माप धरलं. काम झाल्यावर म्हातारी उठून बसली.

"रविवारी आणून दे."

"रविवारी नाही जमणार, आजी," सुतार म्हणाला. "रविवारी मी चर्चमध्ये असतो."

पाळकांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याची बाकावरची रिकामी जागा ते वर्षभर बघत आले होते.

"मग सोमवारी आण," म्हातारी टेबलावरून उतरत म्हणाली. "तोवर मी कुठे जात नाही."