मणक्याचं निमित्त

"पूर्ण खर्च मंजूर, सूनबाई! ऑपरेशन, खोली, औषधं, बधुंज, सगळंच," पिलाजीराव चपला काढता काढता म्हणाले. "सोमवारी सकाळी दाखल व्हायचं. पैसे भरूनच आलोय."

राजेश्वरीने पुढे केलेला पाण्याचा पेला हवेतच राहिला. "भरलेत? कुठे?"

"हॉस्पिटलात, आणखी कुठे!" ते हसले. "आपलं मंडळ शिपायाच्या हातावर पैसे ठेवत नाही. माझ्या आजोबांनी घातलेला पायंडा आहे. हातावर ठेवले की ती भीक. परस्पर भरले की मान."

राजेश्वरीला हा पायंडा माहीत नव्हता.

मंडळ जुनं होतं. बडोदे संस्थानच्या फौजेत ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा शिलेदार होते, अशा मराठी घरांनी ते चालवलं होतं. रावपुऱ्यात एक खोली, दसऱ्याला शस्त्रपूजा, आणि त्या घरांतून सैन्यात गेलेल्या कुणाला उपचार लागले तर मदत. पिलाजीराव अध्यक्ष होते आणि नात्याने प्रतापसिंहाचे चुलतकाका. राजेश्वरीने नवऱ्याच्या मणक्यासाठी मदत मागितली होती. पैसे हातात येतील, मग ते सुभानपुऱ्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन भरायचे, असा तिचा हिशोब होता.

प्रतापसिंहाच्या मणक्याला काहीही झालेलं नव्हतं.

तो काश्मीरमधून परत आला तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आतच नाव कापून, पलटण सोडून आला होता, त्यामुळे पेन्शन नव्हती आणि लष्करी दवाखान्याचं कार्डही नव्हतं. मकरपुऱ्यातल्या कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी लागली. मग गेल्या उत्तरायणाला, सगळं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर असताना, आजूबाजूच्या छपरांवर उभी असलेली माणसं पाहून त्याने राजेश्वरीला खाली पाडलं, पाण्याच्या टाकीमागे ओढलं आणि तिच्या तोंडावर हात दाबून धरला. चारी बाजूंनी "काप्यो छे!" चा ओरडा चालू होता. अंधार पडून छपरं रिकामी झाली तेव्हा त्याने हात काढला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कोकिळाबेनने विचारलं, "प्रतापभाईने शुं थयुं?" राजेश्वरी म्हणाली, "कमर पकडाई गई." कमरेचा पुढे मणका झाला. कारखान्यात तेच सांगितलं, नणंद मृदुलासाठी ज्यांच्याकडे लग्नाची बोलणी चालली होती त्या करजणच्या पाहुण्यांनाही तेच. मणका म्हटलं की लोक मान हलवत आणि पुढचं विचारत नसत.

"सोमवारी किती वाजता, काका?"

प्रतापसिंह आतल्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"आठला. उपाशी पोटी."

"येतो."

पिलाजीराव चहा घेऊन गेले. राजेश्वरीने दार लावलं.

"अहो, येतो काय म्हणालात?"

"पैसे भरलेत ना त्यांनी."

"तुमच्या पाठीला काही झालेलं नाही!"

"गादी थोडी सरकलीय. एमआरआयमध्ये निघालं."

"ते या वयात कुणाचंही निघतं, असं त्या डॉक्टरनेच सांगितलं. कळ पायात जात नसेल तर ऑपरेशन नको, म्हणाला."

"मग त्याने मला एकट्याला विचारलं, कळ जाते का. मी म्हणालो, जाते. डावा पाय बधिर होतो."

"होतो?"

"नाही."

तो टीव्हीसमोर जाऊन बसला. ऐन वेळी माघार घेईल, असं तिला वाटत होतं. रविवारी संध्याकाळी त्याने पिशवी भरली. टॉवेल, दाढीचं सामान, घडी करून सपाट केलेले कपडे. पलटणीत निघताना भरायचा तशी.

सोमवारी नऊच्या सुमारास एक नर्स कागद घेऊन आली. "बेन, पेशंटनी सही थई गई. तमारी बाकी छे." राजेश्वरीने पेन घेतलं आणि तशीच बाहेरच्या पॅसेजमध्ये गेली. पिलाजीराव बाकावर बसले होते. त्यांनी प्रसादाचा पेढा पुढे केला.

"काका, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "त्यांचा मणका ठीक आहे. त्यांच्या डोक्यातून लढाई जात नाही. झोप नाही, समोरच्या माणसाला ओळखत नाहीत कधीकधी. सुभानपुऱ्यात डॉक्टर आहेत, काही आठवडे ठेवून घ्यावं लागेल म्हणाल्या. मंडळाने हेच पैसे तिकडे फिरवले तर..."

पिलाजीरावांनी पेढा पुन्हा डब्यात ठेवला. झाकण लावलं.

"आणखी कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"सरस. सांगूही नकोस." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. "हे बघ बेटा, जखमेला मदत द्यायची, असा आपला नियम आहे. हे मी कमिटीपुढे ठेवलं तर उद्या करजणला कळेल. आपल्या घाटग्यांच्या घरात वेड आहे म्हणतील. मृदुलाचं काय? सर्जन चांगला आहे. लहानसं ऑपरेशन आहे. होऊन जाऊ दे."

"काका, चांगल्या पाठीवर?"

"महिनाभर पडून राहील. आरामाने डोकंही शांत होईल. सही कर."

तिला वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. मग लक्षात आलं की त्यांना नीट समजलं होतं. समजूनच ते बोलत होते.

ती खोलीत परतली. प्रतापसिंह स्ट्रेचरवर कुशीला होता. हिरवा झगा मागून उघडा, पाठीवरचे केस काढलेले, आणि कमरेच्या वर मधोमध जांभळ्या पेनाने काढलेली फुली. त्या पाठीवर दुसरी कसलीही खूण नव्हती.

"चला घरी," ती म्हणाली.

"सही कर."

"का पण? कशासाठी?"

तो भिंतीकडे तोंड करूनच बोलला. "जनार्दन भेटायला येतो ना पलटणीतला. त्याचा एक पाय नाही. लोक त्याला विचारतात, कसा आहेस? मला विचारतात, सध्या काय करतोस? काहीतरी दिसू दे गं. शर्ट वर करून दाखवता येईल असं काहीतरी. मग नाही विचारणार कोणी."

राजेश्वरी स्टुलावर बसली. रडू येत नव्हतं.

"मला दिसलंय," ती म्हणाली. "उत्तरायणाला टाकीमागे. तुमचा हात माझ्या तोंडावर होता."

"तू होतीस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मला वाटलं..." तो थांबला. "मला वाटलं तो काश्मीरमधला पोरगा आहे. ओरडला असता तर आम्ही सगळे..." तो वळून उठून बसला. "तुला लागलं होतं?"

"दोन दात हलले. काढावे लागले. तुम्हाला सांगितलं, कीड होती."

तिने ओठ बोटाने बाजूला करून दाखवलं. वरच्या बाजूला रिकामी जागा होती. आज इतक्या महिन्यांत त्याने ती पहिल्यांदा पाहिली. त्याचा हात पुढे आला आणि तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. मग त्याने तो स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला.

"माझा शर्ट दे," तो म्हणाला.

नर्सने सर्जनला बोलावलं. ऑपरेशन थिएटर तयार आहे, असं होत नाही, पैसे सगळे परत मिळणार नाहीत, असं बरंच बोलणं झालं. पिलाजीराव मोबाईल कानाला लावून जिन्यापाशी गेले ते परत आले नाहीत.

दोघं रिक्षाने सुभानपुऱ्याला निघाले. पहिल्या भेटीपुरते पैसे तिच्या पर्समध्ये होते. पुढे काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं. साड्यांना फॉल-पिको करून किती भेटी होतील, हे मात्र माहीत होतं.

दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीने राजेश्वरीला ओळखलं. याआधी ती इथे दोनदा एकटीच येऊन गेली होती.

"आव्या, बेन? पेशंट कोण छे?"

राजेश्वरीने तोंड उघडलं. ती काही बोलायच्या आत प्रतापसिंह एक पाऊल पुढे झाला.

"हुं छुं," तो म्हणाला. मग बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं.