खुर्च्यांचा खटका

थिएटरच्या मॅनेजरने ठरवलं, नव्या सिनेमातली अकरा मिनिटं कापायची. तेवढ्याने दिवसाला एक खेळ जास्त बसत होता.

"अवकाशयानं, स्फोट, सगळं झकास आहे, मामा. पण मधेच ती बाई नुसती गणित सोडवत बसते. लोकांच्या डोक्यावरून जातं."

मामा, म्हणजे मॅनेजरचे सख्खे मामा, तीस वर्षं बॅटरी घेऊन अंधारात लोकांना जागा दाखवत आलेले. कुणी उठलं की खुर्ची खटकन मिटते. ते खटके त्यांनी तिकिटामागे लिहून ठेवले होते.

पाठलाग: एकोणीस.
स्फोट: बावीस.
गणित: एकही नाही.

"झोपले असतील," भाचा म्हणाला.

"मग चल, उठव त्यांना."

भाचा तणतणत आत शिरला. पडद्यावरची बाई फळा पुसून पुन्हा पहिल्यापासून मांडत होती, आणि सहाशे माणसं श्वास रोखून बसली होती. तोही बघतच राहिला.

"मामा, हिचं चुकलं कुठं?"

कडेच्या खुर्चीतली भाजीवाली वळली. "तिसऱ्या ओळीत. आता गप बसा."

भाचा पायरीवरच टेकला. ऑपरेटर कापायचं विचारायला आला, तर त्यालाही ओढून शेजारी बसवलं.