आधी खुशाली विचारा

सुनील काय काम करते, हे आर्णीजवळच्या त्याच्या तांड्यात कोणालेच नीट समजत नव्हतं. बायांनी विचारलं का त्याची याडी, म्हंजे माय, जमनी सांगे, "माहा पोरगा मशीनकडून पाठांतर करवून घेते." पुण्यातल्या त्याच्या कंपनीत याच्याहून बरं कोणाले सांगता आलं नसतं.

कारण काम तेच होतं. साधं सर्च म्हणजे कपाट उघडून कागद शोधणं. सुनीलचं मॉडेल, म्हंजे त्यानं शिकवलेली मशीन, कपाटाकडे पाहातच नव्हतं. शेतीची सारी माहितीपत्रकं त्याले तोंडपाठ. प्रश्न ऐकला का थेट पत्रकाचा नंबर काढे, अन् ते पत्रक मोबाईलमधून वाचून दाखवे. नंबर चुकला तरी आवाज पुढाऱ्यासारखा, जराही हलत नसे.

मॉडेलची परीक्षा घ्याले यवतमाळहून पद्मजा मॅडम सुनीलच्या घरी आल्या. त्यांच्या संस्थेची शेतकऱ्यांसाठी फोनसेवा होती. सोबत पुण्याहून सुनीलचा साहेब मंदार, पांढरे बूट घालून. गोठा ओलांडेपर्यंत ते पांढरेच होते.

मंदारनं सुनीलले बाजूले घेतलं. "हे बघ, आज नीट झालं तर तू कायमचं इथूनच काम कर. नाही झालं, तर सोमवारपासून पुण्यात. माझ्यासमोरच्या टेबलावर."

सुनीलनं अंगणात खेळणाऱ्या पोरीकडे पाह्यलं. मागं तो पुण्यात राहे तवा त्याची पोरगी खुशी त्याले 'मोबाईलवाला काका' म्हणाले लागली होती. काकापासून बाबापर्यंत प्रमोशन मिळवाले त्याले लय मेहनत पडली होती.

पद्मजा मॅडम बाजेवर बसल्या. मोबाईल घेतला, बटन दाबलं. "कपाशीवर पांढरी माशी. उपाय काय?"

मॉडेल खणखणीत बोललं, "खुराड्यात कोंबड्यांना पुरेसा उजेड मिळेल याची काळजी घ्यावी."

"नेटवर्क असेल," मंदार म्हणाला.

"नेटवर्कनं माशीची कोंबडी होत नाही." मॅडमनं पुन्हा बटन दाबलं. "तूर वाळतेय. काय करू?"

"ओल्या हातानं मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नये."

मंदार सुनीलकडे असा पाहून राह्यला, जसं काही टेबलाचं मापच घेऊन राह्यला. सुनील डोकं खाजवाले लागला. काल तं सारं बरोबर होतं! याडीनं विचारलं, बापानं विचारलं, शेजारच्या हंसाबाईनं विचारलं. एकही चूक नाही.

मॅडमनं तिसऱ्यांदा बटन दाबून धरलं, अन् तेवढ्यात सुनीलचा बाप फुलसिंग वावरातून आला. दारात पाहुणी दिसल्यावर तो गप बसतो थोडाच!

"राम राम बाई! बरं हाय ना? पोरंबाळं बरी?"

"हो, बरी आहेत," मॅडम म्हणाल्या. अंगठा बटनावरच.

"ढोरं?"

"ढोरं नाहीत. फ्लॅट आहे आमचा."

"अरेरे!" फुलसिंग मनापासून हळहळला. "अन् पाणीपाऊस?"

"ठीक आहे." मॅडमनं तोंड मोबाईलकडे फिरवलं. "कपाशीवर पांढरी माशी. उपाय काय?"

"पिवळे चिकट सापळे लावावेत. निंबोळी अर्काची फवारणी करावी."

"आता काय वेगळं झालं?" मॅडमनं विचारलं.

मंदार लगेच सुरू झाला, "मॅडम, ही आमची नवीन..." पण सुनीलच्या डोक्यात उजेड पडला होता. मॉडेलले शिकवाले प्रश्न पाहिजे होते, ते त्यानं साऱ्या तांड्याकडून बोलवून घेतले होते. अन् तांड्यात मोबाईल हातात धरून खुशाली न विचारता कामाचं बोलणारा माणूस अजून जन्माले याचा होता. समोर मशीन असली म्हणून काय झालं? हरेक प्रश्नाच्या आधी बरं हाय काय, पोरं बरी काय, ढोरं बरी काय. मॉडेल तेच शिकलं. खुशाली संपली का प्रश्न सुरू. खुशालीच नाही, तं प्रश्न कुठून सुरू होते हे त्याले समजेना, मंग तोंडाले येईल तो नंबर ठोकून दे.

मंदार डोळ्यानं 'गप' म्हणून राह्यला होता. सुनीलनं सारं सांगून टाकलं. "चूक माझी आहे, मॅडम. त्याला सरळ प्रश्न कधी ऐकवलाच नाही."

पद्मजा मॅडम आधी हसल्या, मंग हसतच राह्यल्या.

"आमचं जुनं सर्च कशानं बुडालं, माहीत आहे? लोक फोन करतात ते आधी आमच्याच ढोरांची चौकशी करतात, मग प्रश्न. ते सर्च 'ढोरं' शब्द ऐकून हरेकाला खुरकूत रोगाच्या लसीची माहिती द्यायचं. खुशाली सोडून नेमका प्रश्न धरणारं हे पहिलंच निघालं. मंदार, यांना इथून हलवू नका. फक्त माझ्यासारख्यांचे प्रश्नही शिकवा. खुशाली न विचारणाऱ्यांचे."

"आमचं डिझाइनच तसं होतं," मंदार म्हणाला.

सुनीलचा अडकलेला श्वास असा जोरात सुटला का बाजेखालची कोंबडी पळाली. खुशी तिच्या मागं धावली, "बाबा, धरा नं तिले!"

"धरतो, धरतो," म्हणत सुनीलनं हसत कोंबडी धरली. मंग त्याच्या ध्यानात आलं. "पण याडी, असे दाणकन प्रश्न विचारणारं माणूस तांड्यात भेटंल कुठी?"

जमनी चुलीपासून बोलली, "तुह्या बापाचे घे. परक्यापुढंच गोड हाय तो. मले कसा विचारते, आयकलं नाही काय कधी?"

बाजेच्या कडेले बसून फुलसिंग पागोटं सोडून राह्यला होता. तिथूनच ओरडला, "चहा कुठी हाय?"

सुनीलनं कोंबडी सोडली, मोबाईल बापाकडे केला अन् बटन दाबून धरलं.