दारातला पाय

ज्या गाडीला चालक नाही, तिच्यात आपण काय करतो ते कोणी पाहत नाही, असे तुम्हालाही वाटते का? मग क्षणभर ऐका. मी तीच गाडी बोलते आहे. विमानतळाच्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत मी माणसे पोहोचवते.

मी कारखान्यात जन्मले. तेथे मला धावण्याआधी थांबायला शिकवले गेले. माझा सारा प्रवास चार मिनिटांचा. तेवढ्यात कोणी खिसा दहादा चाचपतो, कोणी निरोपाचे रडे उरकून घेतो. लहान मुले पुढच्या काचेशी उभी राहून मला हाकतात. ती "चल!" म्हणतात, आणि मी निघते. त्यांना वाटते, मी त्यांचेच ऐकले. मीही तसेच वाटू देते.

माझा एक नियम आहे. दार मिटताना काही आडवे आले, तर मी ते पुन्हा उघडते. दोनदा क्षमा करते. तिसऱ्यांदा मात्र जागीच थांबते. मग देखभालीचा मिस्त्री चालत येऊन, मनात देवाचे नाव घेऊन किल्ली फिरवीपर्यंत मला हलता येत नाही. कोणाचे बोट चिरडू नये, म्हणून हा नियम.

एका सकाळी बहीण आणि धाकटा भाऊ आले. गावी वडील अखेरच्या घटका मोजत होते. दहा वर्षांपूर्वी भांडून घर सोडलेल्या मुलाला त्यांनी बोलावले होते. ताई त्याला समजावून घेऊन निघाली होती. पुढचे विमान सुटण्यास फार वेळ नव्हता. ती आत बसली. तो फोनवर बोलत, एक पाय दारात ठेवून उभा राहिला.

"अरे, आत ये ना!"

"ताई, पुढे बोगदा आहे, फोन तुटेल. एवढं बोलणं उरकू दे."

"दार मिटतंय, पाय काढ!"

"तू कायम घोड्यावर! चालकच नाही, तर ओरडणार कोण?"

मी दार एकदा उघडले. दोनदा उघडले.

"बाबा वाट बघतायत रे," ताई म्हणाली.

त्याने दुसऱ्या कानात बोट घातले. पाय तिसऱ्यांदा आडवा आला, आणि मी थांबले.

"साहेब, पाय तुमचा, पण खोळंबा सगळ्या गाडीचा!" कोपऱ्यातले आजोबा म्हणाले.  ताईने पिशवी छातीशी घट्ट धरली.

मिस्त्री धापा टाकत आला, तोवर अकरा मिनिटे गेली होती. पलीकडे दोघे धावत सुटले. मला रूळ सोडून धावता येत नाही.

चार दिवसांनी ते परतले, तेव्हा उरलेले मला कळले.

"काकू काय म्हणाल्या गं?" त्याने विचारले. शेवटी शेजारच्या काकूच वडिलांजवळ होत्या.

"बाबांची वाचा गेली होती. नुसता हात उचलून धरला होता, तुझ्या डोक्यावर ठेवायला. काकू सांगत राहिल्या, येतोय, येतोय. दुपारी हात खाली आला."

"आणि आपण?"

"दिवेलागणीला पोहोचलो."

चुकलेले सकाळचे विमान दुपारच्या आत पोहोचले असते. त्याच्या खिशात फोन वाजत होता. त्याने तो वाजू दिला. ताईने हलकेच आपला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. 

आता माझी चाके झिजली आहेत. लवकरच माझ्या जागी नवी गाडी येईल. जाण्यापूर्वी एवढेच मागते: चालवणारा दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे समजू नका. मी दोनदा क्षमा करते. वेळ एकदाही करीत नाही.

तो भाऊ अजून माझ्यातून ये-जा करतो. दारापासून दूर, मान किंचित झुकवून उभा राहतो. त्या मस्तकासाठी जो हात उचलला गेला होता, तो आता त्यावर कधीच टेकणार नाही.