केशरबाईचा नळ आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी झडप आहे, मुठीत मावेल एवढी. दुकानात मला एनआरव्ही म्हणतात. माझ्या पोटात बिजागरीवर एक पाकळी आहे. पाणी पुढे जायला लागलं की ती उघडते, मागे फिरलं की मिटते. तेवढंच एक काम मला येतं.

मला वाशीमच्या बाजारातून जमशेद मिस्त्रीने आणलं. अनसिंगच्या पुढे एका गावात पुंजाजींची भाजीची वाडी आहे. तिथल्या नळाला मला बसवताना तो म्हणाला, "भाऊ, हे दारावरची चौकीदार हाय. गावाचं पाणी आत येऊ देते, पन तुमच्या वाडीतलं पाणी गावात जाऊ देत नाही. सालातून एकदा खोलून गाळ काढत जा."

"आपल्याकडून गावात काय जाते बापा? आपल्यालेच पुरत नाही," पुंजाजी हसले.

त्या गावात नळ चौथ्या दिवशी येतात, पण दिवसात किती वाजता येतील याचा नेम नसतो. म्हणून सगळे तोटी उघडी ठेवतात आणि नळाचा पाईप ड्रममध्ये सोडून कामाला जातात. पुंजाजींच्या खालच्या अंगाला, त्याच लाईनवर, त्यांची थोरली बहीण केशरबाई एकटी राहायची. तिच्याकडे पाणी आधी यायचं. मग ती भिंतीवरून हाक मारायची, "पुंजा, आले रे नळ!" ती हाक ऐकली की माझी पाकळी उघडणार हे मला कळायचं. मधल्या दिवसांत लाईन रिकामी झाली की ड्रममधलं पाणी मागे ओढलं जाऊ लागे. मी पाकळी घट्ट मिटून धरायची. सहा वर्षं मी असं किती वेळा केलं, कोणाला माहीत नाही. माहीत व्हावं असं काही घडलंच नाही.

गाळ मात्र कोणी काढला नाही. पाकळीवर किटण चढलं, पाणी बारीक येऊ लागलं. यंदा वांग्यावर अळी पडली. फवारणीची घाई होती. पुंजाजींनी पाना घेतला.

"जमशेदले बोलवा ना," त्यांची बायको आवडाबाई म्हणाली.

"त्याले कायले? हे काढलं की पाणी कसं धो धो येते पाय."

माझ्या जागी सरळ नळीचा तुकडा बसला. पाणी खरंच जोरात आलं. मग मी कधी खुंट्या ठोकायला कामी आले, कधी मेथीच्या जुड्यांवरचं ओलं पोतं दाबायला. माझी बिजागरी वाकली. मला त्याचं दुःख नव्हतं. मेथीची जुडीही कोणाच्या तरी पोटात जाते.

फवारणीच्या दिवशी नळ आले. पुंजाजींनी रिकाम्या ड्रममध्ये आधी फवारणीचं औषध ओतलं. वर फेस होऊ नये म्हणून पाईपचं तोंड तळाला टेकवलं. ड्रम अर्धा भरला असेल, तोच खालच्या नाल्याजवळ रस्ता खोदणाऱ्या यंत्राने मोठी लाईन फोडली. पाणी थांबलं. मग पाईपने उलटा घोट घेतला. मी पोत्यावर पडून पाहत होते. ते पांढरं पाणी बोट बोट खाली उतरत गेलं.

पुंजाजी आले. त्यांनी ड्रमभोवती फिरून पाहिलं, खालची माती चाचपली. माती कोरडी होती. "भोक तं नाही, मंग गेलं कुठं?" असं म्हणून ते दुसरं औषध आणायला गेले.

लाईन संध्याकाळी जोडली गेली. सकाळी पाणी सुटलं. केशरबाईची एक जुनी रीत होती. ताजं पाणी आलं की शिळं पाणी अंगणात ओतायचं आणि पहिला तांब्या आपण प्यायचा. तिने आदल्या दिवशी भरलेलं चांगलं पाणी ओतून दिलं.

"पुंजा, आले रे नळ!" तिची हाक आली. मग थोड्या वेळाने ती भिंतीपाशी आवडाबाईला म्हणाली, "काहो, पाण्याले वास येऊन राह्यला. टाकीत पावडर जास्त टाकली असन."

"आमच्या तं नाकातच औषदाचा वास बसला बाई, आमाले काय समजते?" आवडाबाई म्हणाली.

दोघी हसल्या. केशरबाईने तांब्या संपवला.

दुपारपर्यंत गल्लीतली सहा माणसं ओकत होती. गाडी करून सगळ्यांना वाशीमला नेलं. पाच परत आली.

तिसऱ्या दिवशी जमशेद भेटायला आला. नळाजवळ थांबला. सरळ नळी पाहिली, ड्रममध्ये बुडालेला पाईप पाहिला.

"भाऊ, झडप कुठं हाय?"

पुंजाजींनी मला पोत्यावरून उचलून त्याच्या हातात दिलं. मग ते म्हणाले, "ड्रमाले भोक नोतं, जमशेद."

जमशेदने माझी पाकळी हलवून पाहिली. ती मिटली नाही. "हे आता कामाची नाही राह्यली," तो म्हणाला आणि त्याने पिशवीतून नवी झडप काढली.

मित्रांनो, मी आता केशरबाईच्या बंद घराच्या भिंतीवर, तिच्या नळाशेजारी पडून आहे. पुंजाजींनीच मला तिथे ठेवलं. तुमच्या घरी नळाचा पाईप ड्रमात, टाकीत, बादलीत बुडलेला असेल, तर आजच वर काढा. त्याचं तोंड पाण्याच्या वर हातभर टांगा. झडप असेल तर तिचा गाळ काढा, पण तिला काढून टाकू नका. तुमच्या नळात पाणी येतं त्याच वाटेने ते परतही जातं, आणि त्या वाटेवर तुमचंच माणूस तांब्या घेऊन बसलेलं असतं.

आज पाण्याचा चौथा दिवस होता, नळ आले. पुंजाजींचा पाईप आता ड्रमच्या वर टांगलेला आहे, त्यामुळे पाणी वरून पडतं आणि मोठा आवाज होतो. पण पुंजाजी लगेच उठले नाहीत. भिंतीकडे तोंड करून ते बसून राहिले. ड्रम भरून वाहू लागला, तरी ते हाकेची वाट पाहत होते.